राप

वन्संनी हे प्रेमानंच केलं, हे आधी सांगते.
मिरजेहून तीन महिन्यांसाठी आलेल्या,
वॉल्सॉलच्या थंडीत दोन स्वेटर, वर शाल,
आणि दिवसभर हाताला काम नाही.
लक्ष्मीपूजनाला घरात सुटा पैसा दिसेना
म्हणून त्यांनी माझं कपाट उघडलं.

मी दाताच्या डॉक्टरकडून घरी आले, तर
सिंकमध्ये चिंचेचा कोळ, जाडं मीठ,
आणि ताटात माझी बावीस वर्षं
गुलाबी, लख्ख,
नहाणं झालेल्या पोरांसारखी ओळीनं बसलेली.

"किती काळवंडली होती गं," वन्सं म्हणाल्या,
"तुला होत नाही आता, कळतं मला."

काय बोलणार.
अँगलसीच्या खाणीचं टोकन होतं त्यात, सतराशे सत्त्याऐंशीचं:
ओकच्या पानांत टोपडं ओढून बसलेला दाढीवाला,
मागे लेखी वचन, मागाल तेव्हा एक पेनी देऊ.
दोनशे वर्षं त्या दाढीत सावली साठत होती.
चिंचेनं ती पाच मिनिटांत उतरवली.
झोपेतून उठवून फोटोला उभा केल्यासारखा
तो माझ्याकडे बघत होता.

झांझिबारचा पैसा. त्याच्यावर तराजू.
कंपनीनं मुंबईसाठी पाडून घेतलेला पैसा. त्याच्यावरही तराजू,
पारड्यांच्या मधे फारसी अक्षरांत: अदल. म्हणजे न्याय.
पाडला कुठे, तर इथून सात मैलांवर, बर्मिंगहॅमच्या सोहोत.
पिंपात बसून समुद्र ओलांडला,
कुठल्या कुठल्या बाजारात मेथीच्या जुडीमागे फिरला,
मग कुणा साहेबाच्या ट्रंकेत पडून
परत आला, आणि मला सव्वीस पौंडांना पडला.
न्यायाबद्दल माझं काही म्हणणं नाही.
मला त्याचा राप आवडायचा.

हे म्हणायचे, जमवायचंच तर चांदी जमव.
एकतीस वर्षं बस डेपोत रोकड मोजली मी,
रात्री भात कालवताना बोटांना पेन्यांचा वास यायचा.
चांदी लोक फडक्यात बांधून ठेवतात.
तांब्याला कोण जपतो?
म्हणून तर त्याच्यावर सगळं राहतं:
मासळीचा हात, कोळशाचा हात,
सकाळपासून मुठीत घट्ट धरून
दुपारी नाइलाजानं सोडलेला हात.

रविवारी चर्चच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार.
नॉर्मन पार्जेटरनं डोळ्याला भिंग लावलं,
बराच वेळ काढलंच नाही.
मग थर्मासातला चहा माझ्यापुढे सरकवला.
तेव्हाच समजले.
"काय येतील?"
"तांब्याचे येतील," तो म्हणाला. "वजनावर."

कशानं घासली, विचारलं त्यानं.
चिंचेला त्याच्याजोगा शब्द मला आठवेना.
आंबट, म्हटलं. शेंग असते. झाडाला लागते.
त्यानं पैसा नाकाशी नेला, आणि हसायलाच लागला:
"अहो, हा तर ब्राउन सॉसचा वास!
आमची आजी त्यानंच दाराची मूठ घासायची.
तिलाही कुणी सांगितलं नाही कधी, थांब म्हणून."

मीही नाही सांगितलं.
जानेवारीत वन्संना विमानतळावर सोडलं,
ढकलगाडीवर तीन बॅगा, त्यांचे गुडघे,
आणि वळता वळता त्या म्हणाल्या,
"ती नाणी पुन्हा काळी पडू देऊ नकोस हं."

बाकीची डब्यात आहेत.
तराजूवाला पैसा कोटाच्या खिशात घालून फिरते.
बसची वाट बघताना अंगठ्यानं चोळते,
लायब्ररीत, भाजीच्या रांगेत,
हातमोजा काढून.
पार्जेटर म्हणतो, शंभर वर्षं धरून चाला.
बघू.
पारड्यांच्या दोऱ्यांपाशी थोडा रंग धरलाय,
अजून कोऱ्या चहाइतकाच,
तोही पातळ.